सायराबीची हरकत

गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. भूमच्या बाजूचं, आठवडी बाजार भरणारं गाव होतं एवढं पुरे. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांची नातवंडं अजून तिथंच नांदताहेत, आपापल्या आज्यांचे फोटो भिंतीवर लावून उदबत्त्या ओवाळताहेत. ओवाळोत बापडी.

तर निजामाच्या अमलात त्या गावात सायराबी नावाची मणियारीण होती. बांगड्या भरायचा तिचा धंदा. नवरा ऐन तारुण्यात गेला, मूलबाळ झालं नाही, घर दिरांनी बळकावलं आणि बांगड्यांचा हारा तेवढा तिच्या वाट्याला आला. तो डोक्यावर घेऊन ती सगळ्या गल्ल्या पालथ्या घालायची. अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत, ओठ पानानं कायम रंगलेले. बोलायला लागली की थांबायची नाही. पण तिच्या बोलण्याचा राग कुणाला येत नसे, कारण ज्याची चेष्टा करायची त्याला ती आधी स्वतःवर हसून दाखवायची.

पुढच्या दारानं पाटील येवो नाहीतर महसुलाचा गिरदावर येवो, गावातलं प्रत्येक मागचं दार सायराबीचं होतं. मागच्या ओसरीत पोतं अंथरलं जाई, घरातल्या बायका गोळा होत, आणि सायराबी एकेकीचा पंजा दोन्ही हातांत घेऊन दाबायला लागे. "हात सैल सोड गं. म्या काय चोर धरलाय का?" असं म्हणत म्हणत बांगडी कधी मनगटावर सरकली ते पोरीला कळायचंही नाही. बांगड्या भरून झाल्या की सवाशीण तिला वाकून नमस्कार करी. सायराबीचे स्वतःचे हात मात्र रिकामे असत. विधवेनं बांगड्या घालायच्या नाहीत, ही रीत दोन्ही धर्मांच्या लोकांनी मोठ्या एकोप्यानं पाळली होती.

या गावाच्या उत्तरेला, गावकुसाच्या पडक्या भिंतीबाहेर, एक पडीक जागा होती. चारी बाजूंनी पुरुषभर उंचीचं शेराचं दाट कुंपण, आणि आत जायला एकच वाकडी वाट. तिला सगळे वई म्हणत. पहाटे आणि दिवेलागणीला गावातल्या बायका तिथं परसाकडंला जात. संडास कुणाच्याच घरी नव्हता, पाटलाच्या नाही आणि काझीच्याही नाही. पुरुष त्या बाजूला फिरकत नसत. एखाद्याची म्हैस सुटून आत घुसलीच, तर तो गडी लांब रस्त्यावर पाठ करून उभा राही आणि कुणी बाई म्हैस हाकलून देईपर्यंत नुसता खाकरत बसे. सासूची गाऱ्हाणी तिथं व्हायची, सोयरिकीच्या बातम्या तिथं फुटायच्या, नव्या सुनेला रडायचं असेल तर ती तिथं रडून घ्यायची. मराठ्याची, लिंगायताची, मुसलमानाची, साळ्याची बाई तांब्या घेऊन एकाच वाटेनं जायची. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायांची जागा तेवढी वेगळी, ओढ्यापलीकडं होती. तो भेद गावानं तिथंही सोडला नव्हता.

वई कुणाच्या मालकीची हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण विचारायची वेळच आली नव्हती.

ती वेळ दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आली. सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीनं लेव्हीची ज्वारी गोळा करत होतं आणि पोती ठेवायला जागा पुरत नव्हती. गावात बलदिया होती, म्हणजे आताच्या भाषेत नगरपालिका. तिचे सभासद लोकांनी निवडलेले नसत, सरकार नेमत असे, आणि वर अध्यक्ष म्हणून तहसीलदार. त्या बलदियानं ठरवलं की वईचा शेर तोडून तिथं कोठार बांधायला द्यायचं. दवंडी फिरली. कुणाची हरकत असेल त्यानं येत्या शनिवारी कचेरीत हजर राहून तोंडी सांगावी.

गावातल्या पुरुषांना हरकत नव्हती असं नाही. पण तहसीलदारासमोर उभं राहून म्हणायचं काय? आमच्या बायका तिथं बसतात म्हणून? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी. पारावर विषय निघाला, सगळ्यांनी थोडा वेळ आभाळाकडं पाहिलं आणि बोलणं करडईच्या भावावर गेलं. एरवी बायकांच्या अब्रूसाठी कुऱ्हाडी काढणारे हेच लोक.

बायकांनी मात्र त्याच संध्याकाळी वईतच बैठक घेतली. सगळ्यांत वडील होती गंगम्मा. व्यापारी महालिंगप्पाची बायको, आणि महालिंगप्पा बलदियाचा सभासद. गोरीपान, कपाळाला ठसठशीत विभूती, बोलणं मोजकं. तिच्यापुढं कुणी मोठ्यानं हसत नसे. सगळ्या तिला आक्का म्हणत.

"सायरा, तूच सांग साहेबास्नी," गंगम्मा म्हणाली. "तुला बोलाया येतं. त्यांची भाषा येती. आन् तुला अडवणारं घरात कुणी न्हाय."

शेवटचं वाक्य सायराबीला टोचलं, पण तिनं ते कौतुक म्हणूनच घेतलं.

"म्या एकली जाऊन काय करू, आक्का? बांगडीवालीचं कोण ऐकतंय?"

"अय्यो, एकली कशी? आमी समद्या येतो की. कचेरीच्या बाजूला पडवी हाय, तिथं बांबूचा चिक सोडाया सांगते मालकास्नी. आमी चिकाआड बसू. साहेबानं इचारलं, ह्ये समद्यांचं म्हणणं हाय का, की बांगड्या वाजवू."

"म्या येणार," तुळजाबाई लगेच म्हणाली. तुळजाबाई शेतकऱ्याच्या घरातली, सायराबीच्या वयाची. लग्न होऊन गावात आली तेव्हाचा तिचा हिरवा चुडा सायराबीनंच भरलेला, आणि तेव्हापासूनची दोघींची मैत्री. दुखण्याखुपण्यात एकमेकींच्या उशाशी बसलेल्या. "मला मेल्याबिगर कुणी अडवत न्हाय बघ."

मग एकामागून एक सगळ्याच म्हणाल्या, म्या येणार, म्या येणार.

बांगड्या वाजवायचं कुणाला नवल वाटलं नाही. त्या काळी घरातली सून वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडत नसे. पान वाढलंय हे सासऱ्याला दारामागून बांगडी वाजवून कळायचं. बाहेरचं कुणी काही मागायला गेलं आणि घरात पुरुष नसला, तर आतल्या बांगडीच्या आवाजावरून होय की नाही ते समजून घ्यायचं. त्यातही पायरी होती. घरात जी वडील तिचा हात आधी, मग थोरल्या जावेचा, मग धाकटीचा. वडीलधारीच्या आधी जिची बांगडी वाजेल ती आगाऊ. एवढ्या तेवढ्यावरून माहेरी धाडलेल्या सुना त्या गावानं पाहिल्या होत्या.

सायराबी कामाला लागली. जाड काचेच्या, खणखणीत वाजणाऱ्या बांगड्या तिनं ईदेसाठी म्हणून राखून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या बाहेर काढल्या. घरोघर जाऊन ज्या ज्या येणार म्हणाल्या होत्या त्यांचे हात तिनं भरले आणि मजुरीचे दाणे घ्यायला साफ नकार दिला. "वईची भेट समजा. पर वाजवा आशा, की साहेबाच्या टोपीचा गोंडा हालला पायजे." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. इतक्या उत्साहात सायराबी कित्येक वर्षांत नव्हती. आजवर तिनं गावच्या बायकांच्या हाताला हात लावला होता. आता त्या बायका तिच्या पाठीशी उभ्या राहणार होत्या. हे तिला स्वप्नासारखं वाटत होतं आणि ती ते कुणालाही सांगत सुटली होती.

गंगम्माकडं ती शेवटी गेली. सगळ्यांत सुबक जोड तिच्यासाठी राखला होता. मागच्या अंगणात गोठ्याच्या कडेला विटांचा ढीग पडला होता, त्याला वळसा घालून ती ओसरीवर बसली. गंगम्मानं हात पुढं केला. एरवी मऊ असणारा तो हात त्या दिवशी काही केल्या सैल सुटेना. दोन बांगड्या वाढवल्या. फुटली असं बांगडीला म्हणत नाहीत.

"आक्का, भ्यालीसा का काय?"

"न्हाय गं. बोलताना लई लांबवू नगंस म्हंजे झालं."

शनिवारी कचेरी भरली. कचेरी म्हणजे वाटसरूंच्या जुन्या सराईमधली एक लांबट खोली. टेबलावर लाल कापड, मागं तहसीलदार, दोन्ही बाजूंना सभासद, त्यांत महालिंगप्पा. पायऱ्यांवर गावातले पुरुष दाटले होते. हरकत सांगायला नव्हे, कोण सांगतं ते बघायला. डाव्या हाताला पडवी, आणि तिच्यावर खरोखरच बांबूच्या कामट्यांचा चिक सोडलेला. चिकामागं लुगड्यांचे रंग हलताना सायराबीनं पाहिले आणि तिचा ऊर भरून आला. एकही बाई घरी राहिली नव्हती.

तिनं डोक्यावरचा पांढरा पदर नीट केला आणि बोलायला सुरुवात केली. घरात बोलायची तीच दखनी बोली. कचेरीची उर्दू काही तिला येत नव्हती, पण साहेबाला समजत होतं.

"हुजूर, मर्दांना शरम वाटते म्हणून ते बोलत नाहीत. बायकांना तोंड नाही म्हणून त्या बोलत नाहीत. राहिले मी. मला शरम नाही असं नाही, पण मी ती घरी ठेवून आलेय. जी जागा कोठाराला देताय तिथं या गावच्या लेकीसुना जातात. घराला पडदा लावता, दाराला चिक लावता. त्या पडद्यातली बाई पहाटे तांब्या घेऊन बाहेर पडते, तिला आडोसा हे शेराचं झाड देतं. ते तोडलं तर ती जाईल कुठं? ओढ्यावर? तिथं गाडीवाले मुक्कामाला असतात. ज्वारी भिजू नये म्हणून सरकारला छप्पर पाहिजे, बरोबर आहे. कोंडवाड्यामागं सरकारी माळ पडला आहे. तिथं बांधा. ज्वारीला काय, कुणी बघितलं तरी तिला लाज वाटत नाही."

पायऱ्यांवरच्या माना खाली गेल्या. म्हाताऱ्या पाटलानंही मान खाली घातली. तहसीलदार परमुलखातला, पण खानदानी माणूस होता. त्यानं लेखणी खाली ठेवली, नजर टेबलावर वळवली आणि हलक्या आवाजात उर्दूत विचारलं, "बीबी, ही तक्रार तुमची आहे की सगळ्यांची?"

"सगळ्यांची, हुजूर. त्या इथंच बसल्यात. विचारा."

साहेब चिकाकडं वळला. आत बघणं बरं दिसलं नसतं म्हणून भिंतीकडं बघत त्यानं अदबीनं विचारलं, "या बीबी म्हणतात ते तुम्हा सर्वांचं म्हणणं आहे का?"

सायराबी ऐकत उभी राहिली.

आतून काही आलं नाही. एक लहान पोर खोकलं, त्याच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवला.

साहेबानं पुन्हा विचारलं. सायराबीला वाटलं, ऐकू गेलं नसेल. ती दोन पावलं चिकाच्या दिशेनं सरकली आणि कामट्यांच्या फटींतून तिला आतलं दिसलं. पुढं गंगम्मा बसली होती, हात पदराखाली. आणि तिच्यामागं ओळीनं बसलेल्या बायकांनी आपापल्या उजव्या हाताची मनगटं डाव्या पंजात गच्च धरली होती. निजलेल्या सासऱ्याच्या अंगावरून जाताना सून जशी बांगड्या आवळून धरते, तशी. नुसत्या गप्प बसल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. चुकूनसुद्धा वाजू नये म्हणून त्यांनी काळजी घेतली होती. तुळजाबाईनंही. तुळजाबाईची बोटं तर आवळून पांढरी पडली होती, आणि त्या बोटांखाली सायराबीच्या ईदेच्या बांगड्या होत्या.

पहिला हात हलला नाही, मग दुसरा कसा हलणार? ही गावची रीत झाली. पण रीत म्हणून सोडून द्यावं असं ते नव्हतंच. एवढ्या जणींत एखादी आगाऊ निघू नये?

महालिंगप्पानं घसा साफ केला. "साहेब, आमच्याही घरची माणसं आत बसली आहेत. एवढा त्रास असता तर आम्हाला घरी कळला नसता का?"

साहेब सायराबीकडं वळला. त्याला तिची कीव आली असावी. "बीबी, ज्यांची ज्यांची तक्रार असेल त्यांची नावं सांगा. मी एकेकीच्या घरी माणूस पाठवून विचारतो."

नावं तिच्या जिभेवर होती. ज्या ज्या मागच्या ओसरीत हात सैल सोडून बसल्या होत्या, त्या साऱ्यांची. तिनं एकदा चिकाकडं पाहिलं, एकदा आपल्या रिकाम्या मनगटांकडं.

"माझी एकटीची आहे, हुजूर," ती म्हणाली.

पायऱ्यांवर खसखस पिकली. "एकटीला एवढी जागा लागती व्हय?" कुणीतरी मागून बोललं आणि मघाशी माना खाली घातलेले सगळे पोट धरून हसले. साहेब हसला नाही. पण एका बाईच्या गैरसोयीसाठी सरकारी काम थांबत नसतं, हे त्यानं सांगितलं आणि जागा कोठाराला मंजूर झाली. चिकामागच्या बायका मागच्या बोळानं केव्हाच निघून गेल्या होत्या. सायराबी पुढच्या दारानं, सगळ्या पुरुषांमधून, एकटी बाहेर पडली.

त्या रात्री घराघरांत चौकशी झाली. तू का गेली होतीस? प्रत्येकीनं एकच उत्तर दिलं, म्या नुसती बघाया गेलते, समदं त्या मणियारणीचं खूळ. शेर तोडला गेला, भिंती चढायला लागल्या. बायका ओढ्यावर जायला लागल्या, घोळक्यानं, एकमेकींपुढं लुगडं धरून. आणि वरच्या वाटेवरचे गाडीवाले खाकरत नसत, गाणी म्हणत. सायराबीला मागची दारं उघडेनात. हारा घेऊन ती दारात उभी राहिली की आतून कुणीतरी सांगे, आज नगं, पुढच्या बाजाराला बघू. पोरं तिला वईवाली म्हणून चिडवायला लागली. दोन महिने ती परगावच्या बाजारांना जाऊन पोट भरत होती.

मग एक दिवस गंगम्माचा निरोप आला, बांगड्या भरायच्यात. सायराबी गेली. बघू तरी काय म्हणते, एवढ्याच ईर्ष्येनं गेली. मागच्या अंगणात शिरली तर गोठ्याच्या कडेला पक्क्या विटांची एक अरुंद खोली उभी होती. पत्र्याचं दार, वर कौलं. काय आहे ते विचारायची गरज नव्हती. गावातला पहिला संडास.

विटा. तिच्या डोक्यात लख्ख झालं. बांगड्या भरायला आली तेव्हाच त्या येऊन पडल्या होत्या. तिनं त्या पाहिल्या होत्या, गोठ्याच्या असतील म्हणून वळसा घालून गेली होती. म्हणजे हे आधीच ठरलं होतं, आणि ठरल्यावर या बाईनं आपल्यापुढं हात धरला होता.

"कोठाराचं काम आमच्या मालकास्नी मिळालं," गंगम्मा खालमानेनं म्हणाली. "बैठकीनंतर, शनवारच्या आदीच त्यांनी सांगितलं. मंग म्या त्यांच्यासमोर हात कसा हालवू? तूच सांग."

"मला आदी सांगायचं हुतं, आक्का. म्या उठले नसते."

गंगम्मा पुढं झाली आणि आवाज उतरवून म्हणाली, "हे बघ, तू मागच्या दारानं येत जा. तुझ्यासाठी ह्ये दार उघडं हाय. कुणाला बोलू नगंस म्हंजे झालं."

"आन् तुळजाबाईनं कुटं जायचं? त्या साळ्याच्या पोटुशा पोरीनं?"

"साऱ्या गावाला कसं पुरं पडंल, सायरा?"

सायराबीनं हारा उचलला. "म्या वड्यालाच जाते," ती म्हणाली आणि बांगडी न भरताच निघाली. तिचा जन्मभराचा राग गंगम्मावर राहिला असं गाव सांगतं. ते खरं नाही. गंगम्माचा तिला राग आला, तिरस्कारही वाटला, पण तो सोसवला. जे सोसवत नव्हतं ते वेगळंच होतं.

हळूहळू गावचं वारं फिरलं. साहेबानं नावं विचारली आणि मणियारणीनं एकही सांगितलं नाही, हे बायकांना आठवायला लागलं. आपण वाचलो ते हिच्यामुळं, असं ओढ्यावर बोललं जाऊ लागलं. मागची दारं पुन्हा उघडली. बायका पूर्वीपेक्षा जास्त वाकून नमस्कार करू लागल्या. सायराबी बांगड्या भरायची, मजुरी घ्यायची. चेष्टा करायची मात्र बंद झाली होती.

एका पहाटे ओढ्याच्या वाटेवर तुळजाबाईनं तिला गाठलं.

"सायराबी," तुळजाबाई चालता चालता म्हणाली, "समद्या म्हनत्यात, लई मोठ्या मनाची बाई. आमची नावं पोटात ठिवली. न्हायतर घरात आमची काय गत झाली असती."

सायराबी थांबली. "मन कसलं मोठं? म्या तुमाला वाचवाया गप न्हाय बसले, तुळजा."

"मंग?"

"नाव घेतलं असतं तर साहेबानं तुला इचारलं असतं. आन् तू म्हनली असतीस, न्हाय, माझं काय म्हणणं न्हाय. ते तुझ्या तोंडनं ऐकायचं माझ्यात बळ नव्हतं. म्हून गप बसले."

तुळजाबाई आता म्हणेल, मी नसते गं म्हणाले तसं. खोटं का होईना, पण म्हणेल. सायराबी त्यासाठी वाटेत उभी राहिली. तुळजाबाईनं खाली बघत हातातला तांब्या दुसऱ्या हातात घेतला. मग सायराबी वळली आणि पुढं चालू लागली.